सीमेपलीकडची द्राक्षं, अलीकडचा ग्लास

सप्टेंबर लागला की हॅनोव्हरच्या आमच्या शनिवारच्या बाजारात फाल्ट्स या दक्षिणेकडच्या द्राक्षांच्या मुलखातून एक पांढरी व्हॅन येते. बटाटे आणि कोबीच्या गाड्यांमध्ये ती जागा धरते आणि तासाभरात अख्ख्या बाजाराचा वास बदलून टाकते. त्या व्हॅनमध्ये नवी, अजून आंबत असलेली वाईन असते. इथे तिला फेडरवाइसर म्हणतात. दिसायला गढूळ, ताकासारखी पांढुरकी. बाटलीत भरली तरी तिचं आंबणं चालूच असतं, म्हणून बूच घट्ट लावत नाहीत, नुसती सैल टोपी ठेवतात. बाटली आडवी झाली की पिशवी भिजलीच म्हणून समजा. परवा माझ्यापुढच्या आजीबाईंच्या पिशवीतून बारीक फसफस ऐकू येत होती आणि आजीबाई शांतपणे कांद्याचा केक निवडत होत्या.

मी दारू पीत नाही. तरी दर वर्षी त्या रांगेत उभी राहते. थोडी वासासाठी, थोडी त्याच व्हॅनमध्ये मिळणाऱ्या ताज्या द्राक्षरसासाठी.

"याही वर्षी नुसता रस?" व्हॅनवाल्याने विचारलं.

"गेनाऊ, अगदी तेच," मी म्हटलं.

तो मान हलवतो आणि रसाची बाटली देतो. मला फाल्ट्समध्ये ओढून नेणारा तो वास त्याला रोजचाच आहे. माझं मात्र त्या वासापाशी एक जुनं काम अडकलेलं आहे. ज्या हंगामात मी द्राक्षांची सगळ्यात सुंदर बाग पाहिली, त्याच हंगामात मी माझ्या वडिलांचा भरल्या टेबलावर अपमान केला. तोही त्यांची काळजी घेता घेता.

साल दोन हजार तीन. मी तेव्हा कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत होते आणि आबा, म्हणजे माझे वडील, तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आले होते. आई बहिणीच्या बाळंतपणात अडकली, म्हणून एकटेच. त्या वर्षी युरोप नुसता भाजून निघाला. बसमध्ये, ऑफिसात, दुकानात माणसं माना टाकून बसलेली असायची. आबा अकोल्याचे. मे महिन्यात डांबर वितळलेल्या रस्त्यावरून सायकलने जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात चाळीस वर्षं गेलेला माणूस. ते दुपारी दोनला फुल बाह्यांचा सदरा घालून फिरायला निघायचे आणि परत येऊन म्हणायचे, "बरं हाय वातावरण." माझी घरमालकीण शेजारच्या बाल्कनीत पाय बादलीत बुडवून बसलेली असायची. ती आबांकडे भूत बघावं तशी बघायची.

उन्हाळा असा तापल्यामुळे द्राक्षं लवकर भरली. माझ्या लॅबमधली आन्या एके दिवशी म्हणाली, "या शनिवारी तोडणी. वडिलांना घेऊन ये." आन्याचं माहेर फाल्ट्सच्या अगदी दक्षिण टोकाला, फ्रान्सला खेटून. तिच्या वडिलांची वाईनची इस्टेट. त्यांना सगळं गाव ओपा आउगुस्त म्हणायचं. ओपा म्हणजे आजोबा. मी आधीच्या दोन हंगामांत तिकडे जाऊन आले होते आणि त्या जागेच्या प्रेमात होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या इस्टेटीची गंमत अशी की घर जर्मनीत, तळघर जर्मनीत, पिंप जर्मनीत; आणि बाग फ्रान्समध्ये. घराच्या मागच्या दाराने निघालं की पाच मिनिटांत जकातीची जुनी चौकी लागायची. खिडक्यांना फळ्या मारलेल्या, दारात कुणीतरी कुंडी ठेवलेली. तिच्यापुढे चढ सुरू होतो आणि तिथून वर सगळ्या ओपाच्या वेली. सकाळी द्राक्षं फ्रान्समध्ये तोडायची, दुपारी जर्मनीत पिळायची. ट्रॅक्टरवाला दिवसातून सहा वेळा देश बदलायचा आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

ती बाग पहिल्यांदा लावली एका मठाच्या साधूंनी, कित्येक शतकांपूर्वी. मातीत चुना आहे, उतार दक्षिणेला तोंड करून आहे, मागचं जंगल थंड वारा अडवतं. हे सगळं त्या साधूंनी हेरलं होतं. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते चालता चालता थांबले. "साधू? अन् दारू गायत होते?"

"हो आबा, वाईन गाळायचे."

"आपले भन्तेजी पाह्य, अन् हे पाह्य," एवढंच म्हणाले. पण वेलींच्या सरळ रांगा पाहून त्यांच्याच्याने राहवलं नाही. "काम मात्र चोख केलं बाप्पा त्याईनं," असंही म्हणाले.

साधूंनंतर सरदार आले, सरदारांनंतर शेतकरी, आणि मग सीमेची रेघ आली, युद्धागणिक मागेपुढे सरकणारी. ओपाच्या आजोबांनी त्या वेलींवरून जर्मन द्राक्षं तोडली, वडिलांनी फ्रेंच. ओपाने स्वतः लहानपणी फ्रेंच तोडली, शाळेत असताना जर्मन, आणि पुन्हा फ्रेंच. वेली त्याच. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच सरकारने बाग ताब्यात घेतली आणि काही वर्षं ओपा आणि त्याचे वडील चौकीच्या अलीकडे उभे राहून आपल्याच उतारावर वाढणारं गवत बघत राहिले. मग खंडाने कसायची परवानगी मिळाली. प्रत्येक टोपली चौकीवर मोजून आणायची. मग एकेक पट्टा विकत परत घेतला. हे सांगताना ओपाचा आवाज चढायचा नाही की पडायचा नाही. पाऊस किती पडला ते सांगावं तसं सांगायचा. आणि शेवटी म्हणायचा, "आल्झो," म्हणजे तर मग, "वेलीला पासपोर्ट लागत नाही." हे वाक्य त्याने शंभरदा म्हटलेलं असणार, पण दर वेळी म्हणताना त्याच्या भुवया अशा वर जायच्या की मला हसू यायचंच.

मी वाईन पीत नाही म्हटल्यावर पहिल्या वर्षी त्याने जरा वेळ विचार केला होता. माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली, पंचशील घेतलं, त्या दिवसापासून आमच्या घरात थेंब आला नाही. त्याआधी आला होता, बराच आला होता, आणि आजीने त्याचे दिवस पाहिले होते. हे मी माझ्या तुटक्या जर्मनमध्ये ओपाला सांगितलं. तो म्हणाला, "पण नाकाला काही शपथ नाही ना?" आणि मला हाताला धरून तळघरात घेऊन गेला.

त्या तळघराबद्दल काय लिहू? अठरा पायऱ्या उतरल्या की उन्हाळा संपायचा. भिंतींवर काळी मऊ बुरशी, मांजराच्या पाठीसारखी. ओपा तिच्यावरून जाता जाता हात फिरवायचा. ओकची पिंपं, त्यांच्या तोंडावर खडूने लिहिलेल्या खुणा. आणि वास. गेव्युर्त्सट्रामिनर नावाच्या द्राक्षाची वाईन नाकाशी नेली आणि मी म्हटलं, "गुलकंद." ओपाला गुलकंद समजावायला मला अर्धा तास लागला. लाल श्पेटबुर्गुंडरमध्ये मला जांभळं आणि ओली माती सापडली. एकाच उताराच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्यांतल्या दोन पांढऱ्या रीसलिंग वाईन त्याने शेजारी शेजारी ठेवल्या. खालची पिकल्या पेरूची, वरची लिंबाच्या सालीची. मधे फक्त चाळीस पावलांचं अंतर, पण चुनखडी वर जास्त. न पिता मी दोन वर्षांत इतकं शिकले की आन्याचे पाहुणे चकित व्हायचे. मला स्वतःलाही ते थोडं हास्यास्पद वाटायचं, पण अभिमानही वाटायचा.

त्या शनिवारी आबांनी सकाळभर द्राक्षं तोडली. कात्री कशी धरायची ते कुणी दाखवायच्या आत त्यांची बादली अर्धी झाली होती. दव असेपर्यंत हात गार पडायचे, दव गेलं की चिकट व्हायचे आणि मग गांधीलमाश्या यायच्या. आबा माश्यांना हुसकत नव्हते, घड जरा लांब धरून वाट पाहत होते. ओपा रांगेच्या टोकाला उभा राहून हे बघत होता. त्याने आबांना नाव विचारलं होतं आणि मी "आबा" म्हटलं होतं, ते त्याने आडनाव समजून घेतलं. दिवसभर तो त्यांना अदबीने "हेर आबा", म्हणजे श्रीयुत आबा, म्हणत राहिला.

दुपारी ट्रॅक्टरच्या मागोमाग आम्ही देश ओलांडून अंगणात आलो आणि आबांना प्रेस दिसला. द्राक्षं पिळायचं यंत्र. आडवा, पोटात हवा भरून हळूहळू फुगणारा. आबांनी आयुष्यभर रुईच्या गाठी बांधणारा प्रेस सांभाळला होता. ते त्या यंत्राच्या जवळ गेले, ओपाकडे बघून परवानगी घेतली आणि पत्र्यावर तळहात ठेवून उभे राहिले. यंत्र थोडं दाबायचं, थांबायचं, सैल व्हायचं, पुन्हा थोडं दाबायचं. खालच्या पन्हाळीतून रस धारेने पडत होता.

"घाई नाई करत हा," आबा म्हणाले. "आमचा मालक असता तं एका दमात दाबला असता."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. ओपाने बोट वर केलं. "एका दमात दाबलं तर बीचा कडूपणा उतरतो. त्यांना सांग, माझा मुलगा पण घाई करतो." मुलगा समोरच उभा होता. तो हसला नाही. मग दोघं म्हातारे यंत्राच्या दोन बाजूंना उभे राहून कान देऊन ऐकत राहिले आणि मधूनमधून आपापल्या भाषेत काहीतरी बोलत राहिले. दोघांनाही दुभाष्याची गरज वाटली नाही. मी बाजूला उभी राहून त्यांच्याकडे बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

मग तळघर. ओपाने एक जुनी रीसलिंग उघडली, आबांच्या हातात छोटा ग्लास दिला आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. आबांनी वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा घेतला.

"रॉकेल," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं. पण मी भाषांतर केलं आणि ओपाने आबांच्या खांद्यावर हात टाकला. जुन्या, चांगल्या रीसलिंगला तोच वास येतो, आणि तो ओळखायला लोकांना वर्षं लागतात. आबांना पहिल्या झटक्यात आला. आबांनी ग्लास जसाच्या तसा परत दिला, ओपाने तो तसाच घेतला. तिथे कुणाला काही अडलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण त्यानंतर तासाभरात मी जे केलं त्याला माझ्याकडे सबब उरत नाही.

चार वाजता अंगणात टेबल मांडलं. लांब फळ्यांचं, बारा-चौदा माणसांचं. पाव, चीज, लिव्हरचं सॉसेज, कांद्याचा गरम केक. आणि मध्ये फाल्ट्सचा तो ग्लास, डुब्बेग्लास. अर्धा लिटरचा, जाड, बाहेरून अंगठ्याएवढे खळगे असलेला, म्हणजे चिकट हातातूनही निसटू नये. तिथली रीत अशी की टेबलाला ग्लास एकच. वाईन आणि सोडा भरायचा, एकाने प्यायचा, शेजाऱ्याला द्यायचा. ओळखीचा, अनोळखी, सगळ्यांचे ओठ त्याच काठाला. गेली दोन वर्षं मीही त्या साखळीत होते. ग्लास आला की वास घ्यायचा आणि पुढे द्यायचा. कुणी काही म्हणत नव्हतं.

पण आबा येणार म्हणून मी घाबरले होते. कुणी त्यांना आग्रह करेल, त्यांना किळस वाटेल, पंचशील मोडायला लावतात असं वाटेल. म्हणून मी दोन दिवस आधीच आन्याला बजावलं होतं, "वडिलांना वेगळा ग्लास ठेव. पाण्याचा. मोठा ग्लास त्यांच्याकडे देऊच नका." आन्या माणूस शिस्तीचं. तिने ते टेबलावरच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

ग्लास फिरू लागला. आबांच्या पुढ्यात एक लहान, साधा काचेचा पेला, पाण्याने भरलेला. मोठा ग्लास आबांच्या डावीकडच्या बाईंकडे आला. त्या प्यायल्या, आणि आबांच्या छातीसमोरून हात लांब करून त्यांनी तो उजवीकडच्या माणसाला दिला. अगदी हसून, अगदी काळजीपूर्वक, आबांना धक्का लागू नये अशा बेताने. दुसऱ्या फेरीतही तसंच झालं. तिसऱ्या फेरीला त्यांचा हात समोरून जात असताना आबा खुर्चीत थोडे मागे सरले. तेवढं मागे सरणं मी पाहिलं आणि माझ्या हातातला केक तसाच राहिला.

आबांच्या लहानपणी, गावच्या हॉटेलात, त्यांच्यासाठी एक कान तुटलेला कप होता. तो बाहेर छपराच्या वाशात खोचलेला असायचा. आपण काढायचा, चहा वरून ओतला जायचा, प्यायचा, आपणच विसळायचा, पुन्हा वाशात खोचायचा. हे मला आबांनी कधी सांगितलं नाही. आईने एकदा सांगितलं आणि पुन्हा विचारू नको म्हणाली.

"माह्यासाठी हा वेगळा गिलास काहून?" आबांनी विचारलं. आवाज साधाच होता.

"आबा, त्यात वाईन आहे."

"ते मले दिसते."

"मीच सांगितलं होतं त्यांना. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"पेतो म्हनलं का म्या? हातात तं येऊ द्यायचा होता. म्या पुढं देल्ला असता." मग ते उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि प्रेसच्या जवळ जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

काहीतरी बिनसलं हे कळायला टेबलावर कुणाला मराठी यायची गरज नव्हती. ओपाने मला विचारलं, "काय झालं?"

खोटं बोलता आलं असतं. ऊन लागलं म्हणता आलं असतं. पण मी सांगितलं. तो कप, तो वासा, वरून ओतलेला चहा. आमच्या लोकांबाबत हे कुणी केलं, कशासाठी केलं, आणि आज ते मी केलं. मराठीतही मी ते कधी मोठ्याने बोलले नव्हते. जर्मनमध्ये तर त्यासाठी शब्दच माझ्याकडे नव्हते, नुसतं कप, बाहेर, वेगळा, असं लहान पोरासारखं बोलत गेले. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं. ओपाने मध्ये काही विचारलं नाही. आपली बागेची, चौकीची गोष्ट त्याने तिथे काढली नाही, याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. ती गोष्ट मोठी होतीच, पण ही ती नव्हती, आणि ते त्याला न सांगता कळलं.

"आल्झो," एवढं म्हणून तो उठला. मोठ्या ग्लासात उरलेली वाईन त्याने स्वतः एका घोटात संपवली. अंगणातल्या नळाखाली ग्लास धुतला. एकदा नाही, तीनदा. आत बोटं घालून. मग प्रेसपाशी गेला, पन्हाळीतून पडणाऱ्या धारेखाली ग्लास धरला आणि भरून घेतला. पिवळट हिरवा, गढूळ, वर फेस.

मी मागे गेले होते. ओपा म्हणाला, "हेर आबांना सांग. हे आज सकाळी फ्रान्समध्ये वेलीवर होतं. काही त्यांनी स्वतः तोडलेलं आहे. अजून ही वाईन नाही. उद्या-परवा आंबायला लागेल, तेव्हा त्यांचा आणि तिचा संबंध संपला. आज फक्त द्राक्षं आहेत. चालेल का, विचार."

मी विचारलं. आबांनी ग्लास दोन्ही हातांत घेतला. आधी वास घेतला. "आंबलं नाई ना?"

"नाही आबा."

ते प्यायले. चांगला मोठा घोट. मिशीला फेस लागला. मग त्यांनी ग्लास ओपापुढे धरला, आणि मी पाहिलं, ते ओपाच्या हातांकडे बघत होते. ओपाने ग्लास घेतला, तोंडाला लावला, प्यायला, आणि आबांच्या दंडाला धरून त्यांना टेबलाकडे घेऊन आला. त्याने तो ग्लास डावीकडच्या त्या बाईंच्या हातात दिला. त्या प्यायल्या आणि त्यांनी तो आबांच्या हातात दिला. आबांनी एक घोट घेऊन पुढच्याला दिला. वाईनची बाटली तशीच उभी होती. तिच्याकडे कुणाचा हात गेला नाही. ग्लास रिकामा झाला की आन्याचा घाईवाला भाऊ प्रेसवरून भरून आणायचा. तीन फेऱ्या झाल्या. तो पाण्याचा लहान पेला कुणीतरी केव्हातरी उचलून नेला.

निघताना ओपाने एक डुब्बेग्लास वर्तमानपत्रात गुंडाळून आबांना दिला. तो अकोल्याला आमच्या घरी आहे. उन्हाळ्यात पाहुणे आले की आबा त्यात लिंबाचं सरबत करतात आणि सगळ्यांना त्याच एका ग्लासातून प्यायला लावतात. आई वैतागते. घरात डझनभर पेले असताना हे काय खूळ, म्हणते. पाहुणे आधी बिचकतात, मग पितात. आबा त्यांच्याकडे निरखून बघत बसतात. मी फोनवर ओपाची खुशाली सांगितली की ते विचारतात, "प्रेस तोच हाय का अजून?" ओपा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, पायऱ्या उतरत नाही, पण प्रेसपाशी खुर्ची टाकून बसतो. तोच आहे, मी सांगते.

त्या दिवशी आन्या आम्हाला गाडीने कायझर्सलाउटर्नला सोडायला निघाली तेव्हा अजून उजेड होता. फाल्ट्सच्या जंगलातून रस्ता जातो. आबा पुढे बसले होते, मांडीवर तो वर्तमानपत्रातला ग्लास. मी मागे बसून माफीची वाक्यं जुळवत होते, एकही जुळत नव्हतं. अर्धा रस्ता झाला. मग आबा मागे न वळता म्हणाले, "पोरी, तू पाहिलं का?"

"काय आबा?"

"भरायच्या आधी त्यानं गिलास तीनदा धुतला. माह्या शीलासाठी." बाहेर झाडं सरत होती. "अन् म्या तोंड लावल्यावर पुसला नाई."